कलेचा इतिहास शिकून पोट भरते काय?

बारावीचे निकाल लागले की दुकानाच्या गादीवर आम्हाला एक प्रश्न हमखास विचारला जातो : मुलाला कोणत्या लाइनला घालावे? आम्ही कापडाचे व्यापारी, शिक्षणतज्ज्ञ नव्हे. पण चार ठिकाणी ऊठबस असल्यामुळे लोक विचारतात आणि आम्हीही सांगतो. आजवर आमचे उत्तर ठरलेले होते. सिन्नरला औद्योगिक वसाहत आहे, तेव्हा आय.टी.आय. करा. हिशेब बरा असेल तर कॉमर्स घ्या. नाहीतर वडिलांच्या गादीवर बसा.

यंदा मात्र हा प्रश्न आमच्याच घरात आला. आमच्या धाकट्या भावाची मुलगी इतिहास घेऊन बी.ए. झाली. ती म्हणाली, "बडे अब्बा, मला कलेच्या इतिहासात एम.ए. करायचे आहे." आम्ही विचारले, "त्याने पोट भरते काय?" तिने उत्तर न देता उलट विचारले, "दादीच्या पेटीतला पदर तुम्ही कितीला विकला होता?"

या प्रश्नाने आम्ही गप्प झालो. ती हकिकत प्रथम सांगतो, कारण पुढचा सारा धडा तिच्यातच आहे.

१९९८ सालची गोष्ट. आमच्या दादीच्या पेटीत एका जुन्या पैठणीचा पदर होता. रेशीम जागोजागी विरले होते, पण जर खऱ्या चांदीची. गावात जुनी जर विकत घेणारा आला. त्याने पदर काट्यावर ठेवला आणि चौदाशे रुपये मोजले. असे कापड जाळून त्यातील चांदी काढतात, हे आम्हाला माहीत होते. निरुपयोगी वस्तूचे पैसे झाले म्हणून आम्ही खूश झालो. पुढे २०१६ साली मुलांना घेऊन मुंबईला गेलो असताना एका संग्रहालयात काचेआड तशाच नक्षीचा पदर पाहिला. खाली पाटी होती : कोठे विणला, कोणत्या काळात, नक्षीचे नाव काय, विणण्याची पद्धत कोणती. पुतणी तेव्हा शाळेत होती. तिने ती पाटी मोठ्याने वाचली आणि आम्ही तिच्या मागे उभे राहून ऐकली.

आमच्याकडे पदर होता, पाटी नव्हती. म्हणून आमचा माल चांदीच्या भावाने गेला. ही पाटी लिहिण्याचे जे शास्त्र, त्याचे नाव कलेचा इतिहास. पुतणीच्या प्रश्नानंतर आम्ही दोन महिने चौकशी केली. तिचा निष्कर्ष व्यापारी व कारागीर बंधूंपुढे ठेवीत आहोत.

हा विषय म्हणजे काय?

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. हा चित्रकलेचा कोर्स नाही. या विद्यार्थ्याला चित्र काढता आलेच पाहिजे असे नाही. माणसाने हाताने घडवलेली वस्तू समोर घ्यायची, मग ती इमारत असो, चित्र, कापड, भांडे, नाणे किंवा हस्तलिखित. ती कोणी, केव्हा, कोठे, कशी आणि कोणासाठी घडवली, हे वस्तूवरून व कागदपत्रांवरून ठरवायचे आणि पुराव्यासह लिहायचे. एवढाच हा विषय आहे.

कापडाच्या व्यापाऱ्याला हे काम परके वाटू नये. आपण गिऱ्हाइकाला कापड सुलटे दाखवतो; स्वतः खरेदी करताना मात्र ते उलटे करून पाहतो. हातमागाची अस्सल पैठणी उलटी केली तर नक्षी मागूनही तशीच दिसते, कारण आडवे रंगीत धागे एकमेकांत अडकवून विणलेले असतात. मागे धाग्यांचे लोंबते किंवा कापलेले जाळे दिसले तर यंत्राचे काम समजावे. हिमरू उलटे केले तर मागे नक्षीचे सुटे धागे दिसतात. मशरूची तर गंमतच आहे. वर रेशमाची चमक आणि अंगाला लागणारी बाजू सुती. पुरुषांना शुद्ध रेशीम अंगाला लावण्याची मनाई असल्यामुळे ही युक्ती निघाली आणि 'शरीअतने परवानगी दिलेले' या अर्थी कापडाला मशरू हे नाव पडले. म्हणजे कापडाच्या नावात व विणीत त्या काळच्या माणसांची राहणी, श्रद्धा आणि बाजार हे तिन्ही सापडतात.

आपली नजर एवढे ओळखते. फरक इतकाच की आपण ओळखतो आणि विसरतो. या विषयाचा विद्यार्थी ओळखतो आणि लिहून ठेवतो. लिहिलेल्याला दाम मिळतो.

सिन्नरचे दोन दाखले

दूर जाण्याचे कारण नाही. आपल्या गावातील गोंदेश्वर मंदिर यादवकाळातील आहे. एका उंच चौथऱ्यावर मधोमध मुख्य मंदिर आणि चार कोपऱ्यांना चार लहान मंदिरे, अशी ही पंचायतन रचना. शिखराच्या पद्धतीला 'भूमिज' म्हणतात. हेन्री कझिन्स या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवर लिहिलेला ग्रंथ १९३१ साली प्रसिद्ध झाला. त्यात गोंदेश्वराचे वर्णन व छायाचित्रे आहेत. आज हे स्मारक केंद्राच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. देशभरातून अभ्यासक ते पाहायला येतात. आपण मात्र त्याच गावात राहून 'जुने देऊळ आहे' यापलीकडे पाहुण्याला काही सांगू शकत नाही.

दुसरा दाखला गारगोटी संग्रहालयाचा. आपल्या भागात विहीर खणताना, खाणीत सुरुंग लावताना काळ्या खडकाच्या पोकळीत चमकदार स्फटिक निघतात. पिढ्यान्‌पिढ्या ते दगडांच्या ढिगाऱ्यात गेले. ज्याला त्यांची जात, नाव आणि किंमत कळली त्याने ते जमवले. २००१ साली सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत त्यांचे संग्रहालय उभे राहिले. हा विषय खनिजशास्त्राचा आहे, कलेचा नव्हे. पण व्यापाराचा धडा तोच. दगड पूर्वीही तेथेच होता. त्याला नाव मिळाले तेव्हा त्याला भाव आला.

कामाच्या वाटा

१) संग्रहालय. येथे वस्तूंची नोंद, वर्गवारी, मांडणी व पाट्यांचे लेखन असे काम असते. त्याच्या प्रमुखाला अभिरक्षक किंवा क्युरेटर म्हणतात. मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय (पूर्वीचे प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम) १९२२ पासून लोकांसाठी खुले आहे. त्याचे एकेकाळचे संचालक डॉ. मोतीचंद्र यांनी भारतीय पोशाख व वस्त्रे या विषयावर मोठे लेखन केले. पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय घरगुती वस्तूंसाठी प्रसिद्ध आहे. अहमदाबादचे कॅलिको म्युझियम १९४९ सालचे. ते केवळ कापडाचे संग्रहालय आहे आणि एका गिरणीमालक घराण्याने ते उभारले, ही गोष्ट कापड व्यापाऱ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

२) पुरातत्त्व खाते. केंद्राचे खाते वेगळे व राज्याचे वेगळे. दोन्हीकडे वरच्या पदांची भरती स्पर्धा परीक्षेतून होते. जागा मोजक्या निघतात, पण नोकरी सरकारी असते.

३) जतन व दुरुस्ती. जुने कापड, कागद, चित्र यांवरील कसर, बुरशी, गंज काढून ते टिकवणे हे स्वतंत्र तंत्र आहे. त्यासाठी रसायनशास्त्र लागते. म्हणून विज्ञान शाखेच्या मुलामुलींनाही ही वाट खुली आहे. ज्या घरात रफूचे काम चालते, त्या घरातील मुलाचा हात या कामात लवकर बसेल असे आमचे मत आहे.

४) वस्त्रांचे डिझाइन. केंद्र सरकारने १९५६ पासून विणकर सेवा केंद्रे सुरू केली. पहिल्या केंद्रांत मुंबईचे केंद्र होते. तेथे चित्रकारांना विणकरांच्या जोडीला बसवले गेले. नामवंत मराठी चित्रकार प्रभाकर बरवे यांनी वाराणसी व मुंबईच्या केंद्रांत नोकरी केली. आजही मोठ्या कंपन्यांना जुन्या नक्ष्या जाणणारी माणसे लागतात. पैठणीतील 'हुमापरिंदा' या नक्षीचे नावच फारसी आहे. हे नाव उच्चारताना आपल्या मुलांना अडखळावे लागत नाही. मग ती नक्षी कोठून आली, हे दुसऱ्यांनीच का सांगावे?

५) सिनेमा व नाटकाचे पोशाख. कोल्हापूरच्या भानू अथय्या मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थिनी. 'आम्रपाली' (१९६६) या चित्रपटाचे पोशाख त्यांनी अजिंठ्याच्या चित्रांच्या आधारे केले. पुढे 'गांधी' चित्रपटासाठी १९८३ साली त्यांना ऑस्कर मिळाले. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. शिवणकाम कितीतरी लोकांना येते. कोणत्या काळी कोण काय नेसत होते, हे ठाऊक असणारे थोडे.

६) लिलावगृहे, कलादालने व मूल्यांकन. पंढरपूरला १९१५ साली जन्मलेले एम. एफ. हुसेन यांनी सुरुवातीला मुंबईत सिनेमाचे फलक रंगवले. त्यांचे १९५४ सालचे 'ग्राम यात्रा' हे चित्र मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे ११८ कोटी रुपयांना गेले. हे चित्र नॉर्वेतील एका डॉक्टरने १९५४ मध्ये घेतले होते आणि १९६४ मध्ये ते ऑस्लोच्या रुग्णालयाकडे गेले. म्हणजे चित्र कोणाकडून कोणाकडे गेले याची साखळी सलग होती. अशी साखळी नसेल तर गिऱ्हाईक नकलेच्या भीतीने मागे सरते. ती तपासून लिहिणे हे कलेच्या इतिहासकाराचे काम.

येथे व्यापारी बंधूंना एक सूचना. शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तूंना, आणि हस्तलिखितांच्या बाबतीत पंचाहत्तर वर्षांहून जुन्या ऐवजाला, १९७२ चा पुरावस्तू कायदा लागतो. अशा वस्तूंच्या धंद्याला परवाना लागतो आणि खासगी माणसाला त्या परदेशी विकता येत नाहीत. 'आम्हाला ठाऊक नव्हते' ही सबब चालत नाही.

७) भौगोलिक निर्देशनाची कागदपत्रे. ही वाट कारागिरांच्या सर्वांत जवळची आहे. १९९९ चा कायदा १५ सप्टेंबर २००३ पासून लागू झाला. एखादा माल विशिष्ट गावचाच, हे सिद्ध केले तर त्या नावाला कायद्याचे संरक्षण मिळते. पैठणीला आणि सोलापुरी चादरीला ते मिळालेले आहे. अर्जासोबत मालाच्या उगमाचा पुरावा द्यावा लागतो : जुन्या नोंदी, गॅझेटियर, संग्रहालयातील नमुने, विणीची पद्धत. हा पुरावा कोण गोळा करणार? विणकराला माग सोडून दफ्तरखान्यात जाता येत नाही. वकिलाला विणीतले कळत नाही. दोघांच्या मध्ये जो माणूस लागतो तो हाच. येवला आपल्याच जिल्ह्यात आहे. मालेगावच्या मागांची हकिकत तेथील घराघरांत आहे. ती ऐकून, तपासून, तारखांसह लिहिणारी मुले त्याच घरांतून निघाली पाहिजेत.

८) अध्यापन व मार्गदर्शन. प्राध्यापक होण्यासाठी 'नेट' परीक्षेत दृश्यकला, पुरातत्त्व आणि संग्रहालयशास्त्र असे विषय आहेत. पर्यटक मार्गदर्शकाचे कामही आहे. शिर्डी, नाशिक, त्र्यंबकेश्वरला येणारी गर्दी आपल्या दारावरून जाते.

लिपीचे भांडवल

आमचे शिक्षण उर्दू माध्यमात झाले. व्यापारात ही उणीव आहे असेच आम्ही कित्येक वर्षे समजत होतो. या चौकशीत मात्र उलट आढळले. दख्खनमधील मशिदी, दर्गे, किल्ले, विहिरी यांवरील शिलालेख, सुलतानांची व मोगलांची नाणी, फर्माने, लघुचित्रांवरील ओळी हा सारा ऐवज अरबी-फारसीत आहे. तो वाचणारी माणसे दिवसेंदिवस कमी होत आहेत. उर्दू शिकलेल्या मुलाला ही लिपी आधीच येते. फारसी भाषा त्याला निराळी शिकावी लागेल, पण निम्मी वाट चालून झालेली असते.

ही नुसती कल्पना नाही. निजामाच्या राज्यात १९१४ साली पुरातत्त्व खाते निघाले. अरबी-फारसीचे विद्वान गुलाम यझदानी त्याचे प्रमुख झाले. अजिंठा तेव्हा त्याच राज्यात होते. यझदानींच्या काळात १९२० ते १९२२ दरम्यान इटलीहून तज्ज्ञ आणून तेथील चित्रांचे जतन करण्यात आले. अजिंठ्यावरचा त्यांचा ग्रंथ १९३० ते १९५५ या काळात चार भागांत निघाला. त्या चित्रांच्या नकला करणारे सय्यद अहमद पुढे अजिंठ्याचेच क्युरेटर झाले. स्वातंत्र्यानंतर डॉ. झियाउद्दीन देसाई यांनी अरबी-फारसी शिलालेखांच्या वाचनात आयुष्य घालवले. पुरातत्त्व खात्याची या शिलालेखांची शाखा नागपूरला आहे. आणखी जवळचे सांगायचे तर नाशिकजवळ अंजनेरीला नाण्यांच्या अभ्यासाची संशोधन संस्था १९८० मध्येच स्थापन झाली. मग आपण कोणत्या तोंडाने म्हणायचे की ही लाइन आपली नाही?

शिक्षण कोठे मिळते?

सिन्नर-नाशिकला इतिहास घेऊन बी.ए. करता येते. तेथून पुढे वाटा फुटतात. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात प्राचीन इतिहास व पुरातत्त्वाचे एम.ए. आहे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात कलेच्या इतिहासाचा आणि संग्रहालयशास्त्राचा, असे दोन जुने विभाग आहेत. १९८९ मध्ये दिल्लीत सुरू झालेली राष्ट्रीय संग्रहालय संस्था आता भारतीय विरासत संस्थान या नावाने नोएडाला आहे. तेथे कलेचा इतिहास, जतन व संग्रहालयशास्त्र हे तिन्ही विषय आहेत. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय स्वतः संग्रहालयशास्त्र व जतनाची पदविका देते. पुरातत्त्व खात्याच्या ग्रेटर नोएडाच्या संस्थेत दोन वर्षांची पदविका आहे. तिला अरबी किंवा फारसीत एम.ए. केलेल्यांनाही अर्ज करता येतो. जाहिरातीतील अटी मात्र दर वर्षी नीट वाचाव्यात. संशोधनासाठी अल्पसंख्याकांना मिळणारी मौलाना आझाद फेलोशिप २०२२ मध्ये बंद करण्यात आली. तिच्या भरवशावर कोणी हिशेब मांडू नये.

उणी बाजूही पाहा

मालातील दोष लपवून विकणे हा आमचा धंदा नाही. म्हणून हेही सांगतो. या विषयात नोकऱ्या थोड्या आहेत आणि पहिली चार-पाच वर्षे पगार कमी असतो. चांगली कामे मुंबई, पुणे, बडोदा, दिल्लीला आहेत. मुलीला परगावी ठेवण्याची घराची तयारी लागते. इंग्रजी वाचल्याशिवाय निभाव लागत नाही. केवळ पदवी घेऊन घरी बसणाऱ्याला हा विषय काही देणार नाही.

म्हणून आमचा सल्ला असा की या विषयाला जोड द्यावी. जसा ताण्याशिवाय बाणा उभा राहत नाही, तसे हे आहे. कलेचा इतिहास व फारसी, कलेचा इतिहास व रसायनशास्त्र, कलेचा इतिहास व वस्त्र-डिझाइन, कलेचा इतिहास व कायदा, अशी जोडी असावी. आणि ज्याच्या घरात माग, रफू, जरीकाम किंवा कापडाचे दुकान आहे, त्याची तिसरी जोड घरातच तयार आहे.

घरी करून पाहावयाचा धडा

मुलाला ही लाइन मानवेल की नाही, हे कळण्यासाठी फी भरण्याची गरज नाही. घरातील किंवा दुकानातील सर्वांत जुने कापड काढा. मुलाला वही द्या आणि पुढील सहा गोष्टी लिहायला सांगा.

१) मोजमाप : लांबी, रुंदी, काठाची रुंदी.
२) धागा : उभा कशाचा, आडवा कशाचा, जर खरी की खोटी.
३) वीण : सुलटी बाजू व उलटी बाजू, दोन्हींचे वर्णन.
४) नक्षी : प्रत्येक आकृतीचे आपल्या घरात चालणारे नाव.
५) मालकी : कोणी घेतले, कोणाकडून कोणाकडे आले. जे माहीत नाही तेथे 'माहीत नाही' असेच लिहावे.
६) साक्ष : ही माहिती कोणी सांगितली आणि कोणत्या तारखेला.

शेवटी दोन्ही बाजूंचे फोटो काढून तारीख टाकावी. जो मुलगा हे काम अर्ध्या तासात उरकून खेळायला पळेल, त्याला दुसरी लाइन पाहावी. जी मुलगी दादीजवळ बसून दोन दिवस प्रश्न विचारीत राहील, तिला अडवू नये.

आमच्या पुतणीने हा धडा केला. पदर तर राहिला नव्हता. पण आमच्या फुफीने लहानपणी तो पाहिलेला. तिला विचारून पुतणीने नक्षी कागदावर काढून घेतली. 'मालकी' या रकान्यात शेवटची ओळ तिने अशी लिहिली : १९९८, जरीच्या वजनाने विकला, चौदाशे रुपये. ती ओळ खोडायला आम्ही सांगितले नाही.

तिचा फॉर्म भरला आहे. जोडीला फारसी शिकण्याची अट आम्ही घातली आणि तिने ती मान्य केली. पोट भरेल की नाही, हे तिच्या मेहनतीवर आहे. पण आपल्या पेट्यांतून, मागांवरून आणि दुकानांतून रोज जे जाते आहे, त्याची पाटी लिहिणारे आपल्यात कोणी तरी असले पाहिजे. पाटी दुसऱ्याने लिहिली की नाव दुसऱ्याचे होते आणि आपल्या हाती फक्त वजनाचा भाव उरतो.